छपाईच्या दुकानातली हार्ड डिस्क उडाली: सांगली, ऑगस्ट २०२५

४ ऑगस्ट, सोमवार

मामांचं गावभागात डीटीपी आणि ऑफसेटचं दुकान आहे. ऑगस्टमध्ये तिथे मान वर करायला फुरसत नसते. गणेश मंडळांची पावतीपुस्तकं असतात आणि जोडीला पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, म्हणून अहवाल आत्ताच छपाईला येतात. आज सकाळी मुख्य मशीन चालू केलं तर विंडोज ७ चं चिन्ह दिसून लगेच निळी स्क्रीन, रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन.

मला फोन आला तोवर दुपार झाली होती. एका रिपेअरवाल्याला बोलावून झालं होतं आणि त्याने विंडोजचं चेकडिस्क लावलं होतं, तेही खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) शोधायचा पर्याय देऊन. ते चौथ्या टप्प्यावर दोन तास अडकून पडलं होतं. "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डेटाचं काही सांगता येत नाही," असं त्याचं म्हणणं. मी मामांना म्हटलं, बटण दाबून धरा, मशीन बंद करा आणि मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.

चेकडिस्कचं काम डेटा वाचवणं नव्हे. फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदींचा, हिशेब जुळवणं एवढंच ते बघतं. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती उडवून हिशेब जुळवला, की त्याच्या लेखी दुरुस्ती झाली. हे सगळं ते आजारी डिस्कवरच लिहितं. डिस्क मरायला टेकलेली असताना तिच्यावर काहीही लिहायचं नाही, हा एक नियम पाळला असता तर पुढचं निम्मं काम वाचलं असतं.

बॅकअपची चौकशी केली. जुन्या कामांच्या सीडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेल्या. त्यानंतर सीपीयू टेबलाखालून उचलून भिंतीतल्या फळीवर ठेवला, पण बॅकअपची घडी काही परत बसली नाही. ऑपरेटर ताईंकडे एक पेन ड्राइव्ह आहे, त्यात मागच्या दिवाळीपर्यंतची निवडक कामं आहेत.

५ ऑगस्ट

डिस्क काढून मिरजेला घरी आणली. साडेतीन इंची, ५०० जीबी. सी मध्ये विंडोज, डी मध्ये सगळी कामं. यूएसबीच्या डबीत न घालता माझ्या डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट लावली. आजारी डिस्क अडखळते तेव्हा यूएसबीचा ॲडॉप्टर मध्येच हात टेकतो आणि नेमकं दुखणं कुणाचं ते कळत नाही. डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्कची केबल आधी काढून ठेवली आणि उबुंटू लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केलं. विंडोजमध्ये ही डिस्क लावायचीच नाही. विंडोज आपणहून तिच्यावर लिहायला जातं आणि वर "फॉरमॅट करायचं का?" असं विचारतं. घाईत कोणीतरी हो म्हणतंच.

स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत पाहिली. बघायचे आकडे चारच. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, ते १२० होते. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, ३३६. क्रमांक १९८ देखील तेवढेच. क्रमांक १९९ शून्य, म्हणजे केबलचा दोष नाही. डिस्क ३१ हजार तास चाललेली आहे. "पास" असा शेरा मात्र वर दिमाखात छापलेला होता. त्या शेऱ्याकडे बघायचंच नाही.

आवाज महत्त्वाचा. कान लावून ऐकला. टक-टक-टक असा ठरावीक ठोका येत असेल तर हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, गेलेलं असतं आणि तिथे घरगुती उद्योग थांबवायचे असतात. चालू ठेवली तर हेड आतली तबकडी खरवडत बसतं. इथे ठोका नव्हता, अधूनमधून थबकल्यासारखा आवाज होता. पुण्यातल्या एका रिकव्हरी लॅबला फोन केला. आधी तपासणी, मग आकडा, साधारण पंधरा ते पस्तीस हजार आणि आठवडाभर. मामांनी विचारलं, "घरी केलं आणि जमलं नाही, तर नंतर लॅबला देता येईल ना?" प्रश्न बरोबर होता. नुसती वाचली तर बहुधा येईल, लिहिलं तर अवघड. तेव्हा फक्त वाचायचं असं ठरलं, आणि ठोका सुरू झाला तर त्याच क्षणी बंद.

फ्रीजरमध्ये डिस्क ठेवायचा सल्ला दोन नातेवाइकांनी दिला. ठेवली नाही. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

६ ऑगस्ट

२ टीबीची बाहेरची डिस्क घेतली, ५,८०० रुपये. एवढी मोठी कशाला, तर मूळ प्रतिमा (आख्खी आजारी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवलेली) ५०० जीबी, तिची कामाची प्रत ५०० जीबी आणि बाहेर काढलेल्या फाइलींना जागा. ती लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केली. जुनी फॅट३२ ची डिस्क वापरत असाल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, प्रतिमा तिथेच अडकते.

हत्यार म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कची प्रतिमा उतरवणारं. उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे आणि आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू. अधोरेखा घातलेलं जवळपास त्याच नावाचं आणखी एक हत्यार आहे, ते वेगळ्या माणसाचं आणि त्याचे पर्यायही वेगळे. एकाची माहिती वाचून दुसऱ्याला आज्ञा देऊ नका.

पहिल्या फेरीला दोन पर्याय पुरले. डी, म्हणजे मधल्या कॅशला वगळून थेट डिस्कवरून वाच. एन, म्हणजे खराब जागा खरवडत बसू नकोस, सोडून पुढे जा. आधी चांगलं ते सगळं पदरात पाडून घ्यायचं, भांडण नंतर. तिसरी गोष्ट मॅप फाइल. कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची वही डीडीरेस्क्यू तिच्यात लिहितो. ती बाहेरच्या डिस्कवर, प्रतिमेशेजारी ठेवली. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवली तर वीज गेल्यावर ती जाते, कारण तो फोल्डर मेमरीत असतो.

कुठून कुठे हे चार वेळा तपासलं. यादीत डिस्कची क्षमता, मॉडेल आणि सीरियल नंबर मागवून घेतला आणि स्टिकरवरच्या नंबराशी ताडून पाहिला. उलटी आज्ञा गेली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते.

रात्री नऊला सुरू केलं. पहिले दीडशे जीबी सेकंदाला ८० ते ९० एमबीने आले. १९० च्या आसपास वेग घसरून काही केबीवर आला, चुकांचा आकडा वाढायला लागला, मग त्याने उडी मारली आणि परत ७० एमबी. मी झोपलो.

७ ऑगस्ट

सकाळी पाहिलं तर ३८० जीबीच्या पुढचं सगळं "चूक" म्हणून नोंदलेलं, आणि तेही विजेच्या वेगाने. क्षणभर वाटलं डिस्क गेली. तसं नव्हतं. एका खराब जागी डिस्क इतकी अडकली की कंट्रोलरने तिला यादीतून काढून टाकलं. डिस्कच नाही म्हटल्यावर डीडीरेस्क्यूला प्रत्येक वाचनाला ताबडतोब नकार मिळत गेला आणि त्याने इमानाने सगळं वहीत लिहिलं. उपाय सोपा आहे. मशीन पूर्ण बंद करून डिस्कची वीज तोडायची, परत लावायची आणि डीडीरेस्क्यूला ट्राय-अगेन हा पर्याय द्यायचा. मग अर्धवट सोडलेले भाग तो नव्याने, न वाचल्यासारखे धरतो.

इथेच एक खोच आहे. लिनक्स डिस्कना अक्षरांची नावं देतं. रीस्टार्टनंतर आजारी डिस्क एसडीबी होती ती एसडीसी झाली आणि एसडीबीच्या जागी बाहेरची डिस्क आली. वर बाण मारून कालचीच आज्ञा परत चालवली असती तर भलत्याच डिस्कवरून वाचायला लागलो असतो. तेव्हापासून अक्षरांऐवजी सीरियल नंबर असलेला मार्ग वापरतोय, डेव्हच्या आत डिस्क आणि बाय-आयडी फोल्डरमध्ये तो मिळतो. लांबलचक आहे, पण तो बदलत नाही.

दुपारी लाइट गेली. माझ्याकडे यूपीएस आहे, त्याची बॅटरी नाही. मॅप फाइल होती म्हणून जिथे थांबलं त्याच्या जरासं अलीकडून परत सुरू झालं.

डिस्कचं तापमान ५१ अंश दिसत होतं. टेबल फॅन समोर ठेवला, ते ३८ वर आलं आणि डिस्क यादीतून गायब होणं जवळजवळ थांबलं. एवढ्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक पडला तो पंख्याने.

८ ऑगस्ट

पहिली फेरी पूर्ण. वाचता न आलेलं ४१ एमबी. ५०० जीबीत ४१ एमबी म्हणजे नगण्य वाटतं, पण ते कुठे आहे यावर सगळं अवलंबून. फाइल सिस्टिमच्या अनुक्रमणिकेत असेल तर शेकडो फाइली बेवारस, आणि मोकळ्या जागेत असेल तर काहीच गेलेलं नाही.

म्हणून खरवडायच्या आधी डीडीआरयुटिलिटी नावाचा संच घेतला. त्यातलं एनटीएफएस-बिटमॅपचं साधन (एनटीएफएस म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम) फाइल सिस्टिममधला वापरातल्या जागेचा नकाशा वाचतं आणि डीडीरेस्क्यूला समजेल अशी यादी बनवून देतं. ती यादी दिली की डीडीरेस्क्यू मोकळ्या जागेकडे ढुंकून बघत नाही. डी चा निम्म्याहून जास्त भाग मोकळा होता. मरणाऱ्या डिस्कचे उरलेले श्वास रिकाम्या जागेवर कशाला घालवायचे?

मग एन काढून दुसरी फेरी. हिला वेळ लागतो. सेक्टर-सेक्टर वाचतो, प्रत्येक नकाराला डिस्क काही सेकंद विचार करते. रात्रभर चालू.

९ ऑगस्ट

राखी. बहिणीने ओवाळतानाही माझं लक्ष आवाजाकडे, यावरून बोलणी खाल्ली.

संध्याकाळी वापरातल्या जागेतलं नुकसान ६ एमबीच्या आसपास आलं. उलट्या दिशेने वाचायचा पर्याय देऊन एक फेरी, नंतर आर ३, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न. शेवटच्या फेरीत थोडेच केबी हाती लागले आणि १९७ क्रमांकाचा आकडा मात्र ५०० च्या वर गेला. इथे थांबलो. डिस्क काढली, स्टिकर लावला, डब्यात ठेवली. आता सगळं काम प्रतिमेवर.

११ ऑगस्ट

प्रतिमेची दुसरी प्रत केली. मूळ प्रतिमा फक्त वाचण्यासाठी खूण करून बाजूला ठेवली.

प्रतिमेतलं सी जोडलं गेलं. डी जोडताना नकार आला. मुख्य अनुक्रमणिका आणि तिचा आरसा जुळत नाहीत, पहिल्याच नोंदीपासून. एनटीएफएसमध्ये एमएफटी नावाची अनुक्रमणिका असते आणि तिच्या पहिल्या चार नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवलेली असते. चेकडिस्क अर्ध्यात तोडल्यामुळे एकीकडे लिहिलं गेलं असेल आणि दुसरीकडे नसेल, असा माझा अंदाज. प्रतीवर एनटीएफएसफिक्स चालवलं, डी उघडलं. हेच मूळ डिस्कवर करायची हिंमत झाली नसती, म्हणून प्रतीवर प्रत.

आत "कामे" नावाचा फोल्डर, वर्षानुसार उपफोल्डर. २०१४ ते २०२२ जागेवर. २०२३ अर्धं. २०२४ आणि २०२५ गायब. नेमकं हवं ते. ते सापडलं फाउंड शून्य-शून्य-शून्य या लपवलेल्या फोल्डरमध्ये. चेकडिस्कला ज्यांचा मायबाप सापडला नाही त्या फाइली आणि फोल्डर तो तिथे कोंबतो आणि नावं पुसून क्रमांक देतो. सुदैवाने बरेचसे पूर्ण फोल्डरच्या फोल्डर तिथे आले होते. बाहेरचं नाव गेलेलं, आतल्या फाइलींची नावं शाबूत. मामा शेजारी बसले आणि आतली नावं बघून सांगत गेले, "हे पाटलांचं लग्न, हे बाजार समितीचं, हे आपलं रेटकार्ड." ज्या फाइली सुट्या पडल्या होत्या त्यांची नावं गेलीच, फक्त सीएचके हे शेपूट उरलं. लिनक्समधली फाइल ही आज्ञा पहिले काही बाइट बघून प्रकार सांगते, त्यावरून शेपटं परत लावली.

१३ ऑगस्ट

आता कुठल्या फाइली दिसायला चांगल्या पण आतून फुटलेल्या आहेत ते शोधायचं. या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी युक्ती ही, म्हणून सविस्तर.

डीडीरेस्क्यूने न वाचलेल्या जागा प्रतिमेत नुसत्या शून्यांनी भरलेल्या असतात. फाइल उघडल्याशिवाय कळत नाही, आणि कधीकधी उघडूनही कळत नाही, कारण खड्डा सहाव्या पानावर असतो. डीडीरेस्क्यूला फिल-मोड आहे. एका छोट्या मजकूर फाइलीत आपली खूण लिहायची, कुठल्याही खऱ्या फाइलीत येणार नाही अशी. मॅप फाइल आणि प्रतिमेची प्रत त्याला द्यायची. तो प्रत्येक खराब जागेत ती खूण शिंपडतो. मग प्रत जोडायची आणि सगळ्या फाइलींत ती खूण ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधायची. ज्या फाइलीत सापडेल ती फुटकी.

अडीच तासांनी यादी आली. छोटी होती. बरेच जुने फोटो, काही पीडीएफ, चालू अहवालांपैकी एका पतसंस्थेची पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फाइल आणि कोरलड्रॉच्या काही फाइली. सी मध्ये विंडोजची सिस्टिम नावाची रजिस्ट्री फाइल (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), आणि फॉन्टच्या फोल्डरमधले श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे तीन फॉन्ट. मशीन सुरू का होत नव्हतं ते इथे कळलं.

कोरलच्या फाइलींचं निस्तरलं. कोरल सेव्ह करताना आधीची प्रत "बॅकअप ऑफ" असं नाव लावून शेजारीच ठेवतं. सगळे डीटीपीवाले त्या फाइली जागा खातात म्हणून पुसतात, ताईंनी पुसल्या नव्हत्या. प्रत दुसऱ्या जागी लिहिलेली असल्याने चांगली निघाली. एखाद-दुसरा बदल परत करावा लागला. एक्स-फोर आणि त्यापुढची सीडीआर फाइल ही खरं तर झिप असते, त्यामुळे झिपची तपासणी करणारी आज्ञा चालवली की चांगली-वाईट लगेच कळते. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांना हे लागू नाही.

१४ ऑगस्ट

पतसंस्थेचा अहवाल. ४८ पानी, उद्या नाही तर परवा प्लेटला, म्हणजे छपाईची प्लेट काढायला, जायचा होता. पेजमेकर फाइल उघडते आणि ताळेबंदाच्या पानावर मशीनच बंद पडतं.

फोटोरेक चालवलं. हे साधन फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. डिस्कवर सरळ फिरतं, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं आणि मिळेल ते उपसून काढतं. नावं नाहीत, फोल्डर नाहीत. रिकप-डिर नावाचे क्रमांकित फोल्डर आणि त्यात आकड्यांच्या नावाच्या फाइली. त्यातल्या बहुतेक म्हणजे ब्राउझरने कधीतरी साठवलेली टिकल्यांएवढी चित्रं. प्रकारांच्या यादीत आधी सगळं बंद करून हवे तेवढेच प्रकार चालू करायला हवेत. नाहीतर घर भरतं.

बिननावाच्या ढिगात अहवालाचा मजकूर शोधायचा कसा? "ताळेबंद" असं टाइप करून शोधलं तर काहीच मिळत नाही. श्री-लिपीचा मजकूर युनिकोड नसतो. फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. मग उलटं केलं. गेल्या वर्षीच्या चांगल्या अहवालातून संस्थेचं नाव कॉपी केलं, साध्या नोटपॅडमध्ये चिकटवलं आणि जी इंग्रजी भेळ दिसली तीच शोधायला दिली. भेळेतला सलग, चिन्हं नसलेला तुकडाच घ्या. अर्धवट चिन्हांवर शोध अडतो. सहा फाइली मिळाल्या. एक मजकुराची, जुलैअखेरची, ताळेबंदाशिवाय.

ताळेबंद शेवटी भलतीकडून आला. ताईंनी प्रूफ म्हणून सचिवांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली होती. त्यांच्या फोनमध्ये ती होती, त्यावर पेनने केलेल्या दुरुस्त्यांचा फोटोही होता. मग हीच वाट सगळ्या चालू कामांना लावली. कोल्हापूरला प्लेट काढायला मेलने गेलेल्या पीडीएफ, मंडळांना गेलेली प्रूफं, दुकानाच्या मेलमधला सेंट फोल्डर. दोन तासांच्या फोनाफोनीत जितकं आलं तितकं फोटोरेकने दिवसभरात दिलं नाही. पुढच्या वेळी आधी फोन करीन, मग ग्रेप.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर दुकान बंद, म्हणून मशीनवर बसता आलं.

नवं विंडोज टाकायचं की जुनंच उठवायचं, यावर चर्चा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, आणि १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. सरळ ११ वर जावं म्हटलं तर हे मशीन त्याला चालत नाही. शिवाय पेजमेकर, श्री-लिपीचं हार्डवेअर लॉक आणि त्याचा ड्रायव्हर, जुन्या प्रिंटरची रंगजुळणी, हे सगळं गणपतीच्या तोंडावर नव्याने बसवणं म्हणजे कामं परत पाठवणं. मामा म्हणाले, "आत्ता आहे तेच उभं कर, नवं दिवाळीनंतर." इंटरनेटची केबल काढून टाकायची या अटीवर मी कबूल झालो.

१ टीबीचा एसएसडी घेतला, ५,४०० रुपये. ४८० जीबीचा स्वस्त मिळत होता, पण ५०० ची प्रतिमा ४८० त मावत नाही. मूळ, खूण न शिंपडलेली प्रतिमा त्यावर उतरवली आणि लावला. तीच निळी स्क्रीन, अपेक्षेप्रमाणे. स्टार्टअप रिपेअरने वीस मिनिटं घेऊन हात वर केले.

सिस्टिम ही रजिस्ट्रीची फाइल फुटलेली आहे हे परवाच कळलं होतं. विंडोज ७ आपणहून रजिस्ट्रीची प्रत ठेवतं, सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरच्या आत रेगबॅकमध्ये. विंडोजच्या डीव्हीडीवरून दुरुस्तीचा काळा पडदा उघडला. तिथे अक्षरं सरकलेली असतात. नेहमीचा सी तिथे डी म्हणून दिसतो, कारण शंभर एमबीचं राखीव पार्टिशन सी होऊन बसतं. फुटक्या फाइलीचं नाव बदलून ठेवलं, रेगबॅकमधली २९ जुलैची प्रत तिच्या जागी आणली. तिचा आकार शून्य नाही ना ते आधी बघून घेतलं. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत हा फोल्डर रिकामा निघतो, तिथे ही वाट बंद आहे.

रीस्टार्ट. डेस्कटॉप आला. भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोखाली मामा उभे होते, त्यांनी आधी फोटोला हात जोडले, मला नंतर चहा.

मग एसएसडीवरच चेकडिस्क चालवलं, सिस्टिम फाइली तपासणारं एसएफसी चालवलं. इथे चेकडिस्कला हरकत नाही. डिस्क निरोगी आहे आणि प्रतिमा घरी सुरक्षित आहे.

१८ ऑगस्ट

फॉन्ट. पेजमेकर उघडताना फॉन्ट सापडत नसल्याचं विचारतं आणि त्याऐवजी भलताच सुचवतं. तिथे "ठीक आहे" म्हणून पुढे गेलं आणि सेव्ह केलं तर ओळी सरकतात, पानं वाढतात आणि मूळ मांडणी गेली. रद्द करून बाहेर या. दुकानातल्या बिलिंगच्या मशीनवर पूर्वी हीच श्री-लिपी होती, तिथून तिन्ही फॉन्ट घेतले. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. दिसायला तसाच पण वेगळ्या मालिकेतला फॉन्ट लावून पाहिला तर "श्री" च्या जागी चौकोन आला आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. ताई तीन सेकंदांत म्हणाल्या, "हा आपला नाही." मला नुसतं बघून कळलं नसतं.

बिलिंगच्या मशीनवर टॅली आहे. त्याचा डेटा या डिस्कवर नव्हताच, म्हणून हिशेब वाचले. तरी त्याची प्रत घेतली.

२० ऑगस्ट

अहवाल प्लेटला गेला. ताळेबंदाची चार पानं ताईंनी पीडीएफवरून नव्याने ओढली, एक दिवस गेला. मंडळांपैकी दोन पावतीपुस्तकांची मांडणी मिळालीच नाही. एकाचं गेल्या वर्षीचं छापील पुस्तक कार्यकर्त्याने आणून दिलं, ते स्कॅन करून परत बनवलं. दुसऱ्याने दुसरीकडे छापून घेतलं. ते काम गेलं.

खर्चाचं बघितलं तर बाहेरची डिस्क ५,८००, एसएसडी ५,४००, साटाची केबल आणि किरकोळ ३५०. माझी मजुरी मामींनी पुरणपोळीत वळती केली. बुडालेल्या कामाचा आकडा मामा सांगत नाहीत.

२३ ऑगस्ट

बॅकअपची नवी घडी लावून दिली. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना "कामे" फोल्डर रोबोकॉपी या विंडोजच्या आज्ञेने बिलिंगच्या मशीनवर जातो, डेस्कटॉपवर एका चिन्हावर दोनदा दाबायचं. यात मुद्दाम मिरर पर्याय वापरला नाही. मिररमध्ये इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर प्रत आणि ती डिस्क मामांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, कारण २०१९ मध्ये पाणी दुकानाच्या माळ्यापर्यंत आलं होतं. फॉन्टचा फोल्डरही यात घातला. सगळे कामांचा बॅकअप घेतात, फॉन्टचा कोणी घेत नाही.

उरलेलं काम म्हणजे २०२३ च्या फोल्डरमधलं जे सापडलं नाही ते रिकपच्या ढिगातून वेचायचंय. ताई लग्नपत्रिकांच्या फाइली छोट्या चित्रांवरून ओळखून नावं देतायत, तुळशीच्या लग्नाआधी तेवढं झालं तर बरं. आजारी डिस्क आणि तिची मॅप फाइल दोन्ही तोवर जपून ठेवलीत. एखादं मोठं गिऱ्हाईक जुनं काम मागायला आलं आणि ते ढिगात नसेल, तर ती डिस्क लॅबला पाठवायची की नाही ते मामा ठरवतील.